वाकवलेल्या पट्टीतला पहिला पिकोकूलोम

पट्टी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते. जाडीभर अशी विकृती (ताणाचं किंवा दाबाचं प्रमाण) बदलत गेली की धन-ऋण प्रभार किंचित सरकतात. हीच फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी. पिझोसाठी, म्हणजे नुसतं ताणून-दाबून वीज निर्माण होण्यासाठी, स्फटिकात सममितीकेंद्र (ज्याच्या दोन्ही बाजूंना रचना सारखीच असते असा बिंदू) नसावं लागतं; इथे ती अट नाही, म्हणून साध्या प्लास्टिकमध्येही ती असते. पण इतकी थोडी, की नवख्यांना पहिल्यांदा दिसतो तो सिग्नल बहुतेकदा दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

म्हणून आधी कागदावर आकडा काढा. ध्रुवीकरण न केलेली (धन-ऋण प्रभार मुद्दाम एका दिशेला न वळवलेली), 50 मिमी लांबीची पीव्हीडीएफ या प्लास्टिकची पट्टी एका टोकाला धरली आणि मोकळं टोक 1 मिमी हलवलं, तर पकडीपासून 10 मिमीवर वक्रता सुमारे 0.96 प्रतिमीटर येते. तिथे 10 × 10 मिमीचे इलेक्ट्रोड आणि फ्लेक्सोचा गुणांक (वक्रतेमागे किती प्रभार सरकतो ते सांगणारा आकडा) 10⁻⁸ कूलोम प्रतिमीटर धरला, तर प्रभार जेमतेम 1 पिकोकूलोम, म्हणजे कूलोमचा लाख-कोटीवा भाग. पट्टी 7 हर्ट्झने हलवली तर लॉक-इनवर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणाऱ्या उपकरणावर) साधारण 30 पिकोअँपिअर दिसायला हवेत. नॅनोअँपिअर दिसले तर आनंदू नका, चूक शोधा.

पट्टी हलवायला लाउडस्पीकर पुरतो, विस्थापन लेझर सेन्सरने मोजा. 10 हर्ट्झ टाळा, त्याचा पाचवा हार्मोनिक (पाचपट वारंवारता) थेट घरच्या वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झवर बसतो. पकडीत टेफ्लॉन नको. पट्टी जराशी घासली तरी घर्षणाचा प्रभार खऱ्या सिग्नलला गिळतो. केबलही टेपने टेबलाला चिकटवा, कारण हलणारी कोॲक्स (कवच असलेली सिग्नल केबल) स्वतःच प्रभार तयार करते. मग पट्टी स्पीकरपासून सोडवून तोच स्पीकर चालू करा. जे उरेल ते स्पीकरच्या कॉइलमधून थेट तारांत शिरलेलं, ते शून्याजवळ येईपर्यंत शील्डिंग सुधारत राहा.

आता सगळ्यात मोलाची चाचणी: पट्टी पालथी करा, पण वरची तार वरच्याच बाजूला ठेवा. फ्लेक्सोचा सिग्नल त्याच फेजमध्ये राहतो, म्हणजे पट्टीच्या हालचालीशी त्याचा ताल बदलत नाही. पट्टीत एकसारखं ध्रुवीकरण उरलं असेल आणि वाकताना ती थोडी एकूणच ताणली जात असेल, तर त्याचा पिझो सिग्नल 180 अंशांनी उलटतो. दोन्ही मापनांची फेजसह सरासरी घेतली की पिझोचा हा वाटा गळून पडतो; पृष्ठभागाच्या थरात अडकलेल्या ध्रुवीकरणाचा मात्र नाही, तो वाकवण्याला फ्लेक्सोसारखाच प्रतिसाद देतो. ही चाचणी न केलेल्या गुणांकावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

सिरॅमिकचं गणित वेगळं. बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये मा आणि क्रॉस या संशोधकांनी 2002 साली हा गुणांक सुमारे 100 मायक्रोकूलोम प्रतिमीटर मोजला, म्हणजे वर धरलेल्या आकड्याच्या दहा हजार पट. त्यामुळे टोक काही दहा मायक्रॉन हलवलं तरी भागतं. 1 मिमी हलवलं तर पट्टी पकडीपाशीच तडकू शकते.