वलयं मोजू नका, जुळवा

झाडाचं वय म्हणजे त्याच्या वलयांची संख्या, हे शाळेत शिकलेलं मी बरीच वर्षं खरं मानत होते. वलयांवरून जुनं हवामान वाचण्याच्या या कामात पडल्यावर पहिला नमुना हातात आला तेव्हा मी तेच केलं. सालीकडून आत, सूक्ष्मदर्शकाखाली, पेन्सिलीच्या टोकाने एकेक वलय मोजत २१४ पर्यंत गेले आणि आतल्या टोकाशी ऐटीत वर्ष लिहून टाकलं. आमच्या बाईंनी नमुना बसवलेली लाकडी पट्टी उजेडात धरली. "मोजलंस छान. शेजारच्या झाडाशी जुळलं का?"

जुळवलंच नव्हतं. जुळवायला बसले तेव्हा सालीपासूनची साठेक वलयं दोन्ही झाडांत तंतोतंत बसली आणि त्याच्या आत सगळंच एका वर्षाने घसरलं. एका भीषण कोरड्या वर्षी माझ्या झाडाने त्या बाजूला वलयच धरलं नव्हतं. मोजण्यात मी चुकले नव्हते, पण जे नव्हतंच ते मोजणार कसं?

एका वर्षाची चूक क्षुल्लक वाटते. पण तीस झाडांची सरासरी काढताना त्यातली पाच-सहा झाडं एकेक वर्ष सरकलेली असली, की दुष्काळाचं वर्ष शेजारच्या बऱ्या वर्षात मिसळून पुसट होतं. पुढे पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर संबंध दिसत नाही, आणि माणूस झाडाला दोष देतो. म्हणून खालची सगळी कृती त्या एका प्रश्नाभोवती फिरते: शेजारच्या झाडाशी जुळलं का?

आधी झाडं निवडायची. इथे नवशिक्या हमखास फसतो, कारण डोळा भरदार बुंध्यावर जातो. ओढ्याकाठचं, खोल मातीतलं, पाण्याची ददात नसलेलं झाड दरवर्षी जवळपास सारखंच वलय धरतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. या शास्त्रात अशा झाडाला आत्मसंतुष्ट म्हणतात, मी सुखवस्तू म्हणते. आपल्याला हवं ते हाल सोसलेलं झाड. पावसाचा इतिहास हवा असेल तर खडकाळ उताराला चिकटलेलं, पातळ मातीतलं, ज्याला पाऊस कमी पडला की लगेच झळ बसते असं. तापमानाचा हवा असेल तर डोंगरावर जिथे जंगल संपतं त्या रेषेजवळचं, जिथे थंडीच वाढ रोखते. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधले ब्रिसलकोन पाइन थंड, कोरड्या, नापीक उतारांवर वाढतात. त्यातल्या 'मेथुसेला' नावाच्या झाडाचं वय ४,८०० वर्षांच्या वर आहे. दिसायला मात्र वाळून पिळवटलेलं खोड.

जातही पाहावी लागते. वर्षातून एकदा वाढ ठप्प होते त्याच झाडांत स्वच्छ वलयं मिळतात. थंड प्रदेशात ही अडचण नाही, म्हणून हिमालयातल्या देवदारावर भरपूर काम झालं आहे. उष्ण प्रदेशातल्या अनेक सदाहरित झाडांना वलयं धड नसतातच. सागवान हा सुखद अपवाद. तो पानं गाळतो, आणि नव्या हंगामात आधी मोठमोठ्या छिद्रांची रांग धरतो, त्यामुळे वलयाची सुरुवात नुसत्या डोळ्यांनीही कळते. केरळमधल्या सागवानांच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका उभी राहिली आणि अल निनोशी जोडलेल्या कमी पावसाच्या वर्षांच्या खुणा तीत सापडल्या.

नमुना घ्यायला झाड तोडायचं नाही. त्यासाठी इन्क्रिमेंट बोअरर असतो. पोकळ पोलादी दांडा, टोकाला धारदार आटे, मागे आडवी मूठ. वनखात्याची परवानगी खिशात हवी आणि प्रत्येक झाडानंतर बोअरर स्पिरिटने पुसायला हवा, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला लावाल. छातीच्या उंचीवर, गाभ्याचा नेम धरून सुरुवात करायची. उताराच्या वरच्या किंवा खालच्या अंगाने भोक पाडू नका. कललेलं झाड स्वतःला सावरायला एका बाजूला जाड लाकूड भरतं आणि ती जाडी हवामानाची नसते. आडव्या दिशेने, समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोन नमुने घ्या. माझं हरवलेलं वलय त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला मिळालं होतं, केसाएवढं.

पहिले दोन-चार फेरे अंगाचा भार टाकून दाबावं लागतं. आटे लाकडात धरले की दाबायचं काम संपतं, मग नुसतं फिरवायचं. फिरवताना लाकूड कुरकुरतं. तो आवाज एकदम बसला आणि मूठ हलकी झाली, तर आत पोकळी किंवा कुजका भाग आहे असं समजा. गाभ्याच्या थोडं पुढे गेल्यावर पन्हळीसारखी पातळ पट्टी पोकळीत सरकवायची, मूठ अर्धा फेरा उलटी फिरवायची म्हणजे नमुना आत तुटतो, आणि पट्टी हलकेच ओढायची. पाचेक मिलिमीटर जाडीची, ओलसर, वासाची कांडी बाहेर येते. त्या क्षणी तिच्याकडे कौतुकाने बघत बसू नका! आधी बोअरर झाडातून काढा. लाकूड आवळत जातं आणि अडकलेला बोअरर सोडवताना अख्खी दुपार जाते. माझी गेली आहे.

कांडी कागदी नळीत ठेवायची. प्लास्टिकच्या नळीत दोन दिवसांत बुरशी धरते. नळीवर पेन्सिलीने जागा, झाड, बाजू, तारीख. शाई ओलीत पसरते. एका जागी किमान वीस झाडं घ्या, म्हणजे चाळीस नमुने. कमी घेतलेल्याचा पस्तावा पुढे होतोच.

सावलीत वाळल्यावर कांडी खाचेच्या लाकडी पट्टीवर गोंदाने बसवायची. इथे एकच गोष्ट पाहायची, पण ती चुकली तर सगळं वाया. झाडात तंतू जसे उभे होते तसेच ते पट्टीवर उभे राहिले पाहिजेत. कांडी बोटांत फिरवून पाहा. दोन बाजू चकचकीत दिसतील, दोन मंद. मंद बाजूला तंतूंची कापलेली टोकं असतात, ती वर हवी. वाळताना कांडी पिळली असेल तर वाफ देऊन सरळ करा.

मग घासणं. १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात, मग २२०, ४००, ६००. मागच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी वेगळी दिसेपर्यंत घासा. हरवण्याच्या बेतात असलेलं वलय कधीकधी दोन पेशींचं असतं. एक फिकट, एक गडद, संपलं वर्ष. ओरखडा त्यावरून गेला तर ते दिसणारच नाही.

उलटही होतं. हंगामाच्या मध्येच पावसाने दडी मारली की झाड वाढ आवरती घेतं, गडद पट्टा धरतं आणि पाऊस परतला की पुन्हा फिकट लाकूड सुरू करतं. एका वर्षात दोन वलयं असल्याचा भास होतो. ओळखण्याची खूण अशी: खऱ्या वलयाच्या कडेला गडद लाकूड एकदम संपतं, सुरीने कापल्यासारखं, आणि लगेच फिकट सुरू होतं. खोट्यात गडदपणा दोन्ही बाजूंना हळूहळू विरत जातो.

आता जुळवणी. सालीच्या लगतच्या वलयाचं वर्ष आपल्याला माहीत असतं, कारण नमुना आपणच घेतला. (दक्षिण गोलार्धात वाढीचा हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत पसरतो, तिथे वाढ सुरू झाली ते वर्ष वलयाला देतात.) तिथून मागे जाताना दर दहा वर्षांना एक टिंब, पन्नासाव्याला दोन, शतकाला तीन. ही टिंबं तात्पुरती समजा आणि पुसट काढा.

प्रत्येक नमुन्यासाठी आलेखाच्या कागदाची एक लांब पट्टी घ्या, एक उभी रेघ म्हणजे एक वर्ष. शेजारच्या वलयांपेक्षा ठळकपणे अरुंद असेल त्याच वलयावर पेन्सिलीची रेघ मारा. जितकं अरुंद, तितकी उंच रेघ. बाकीची वर्षं कोरी सोडा. याला स्केलेटन प्लॉट म्हणतात, आणि दिसतोही तसाच, हाडंहाडं निघालेला. मग दोन झाडांच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून सरकवायच्या. उंच रेघांमधली अंतरं बोलतात: चार वर्षं, मग अकरा, मग दोन लागोपाठ, मग सात. अशी लय योगायोगाने दोनदा येत नाही. एखादी पट्टी काही अंतर बरोबर जाऊन मग एका घराने सरकते, तेव्हा सरकण सुरू होते त्या जागी सूक्ष्मदर्शक लावा. तिथे वलय हरवलेलं असतं किंवा खोटं मोजलेलं. हरवलेलं वलय गाळत नाहीत. त्या वर्षाची नोंद शून्य जाडी अशी करतात.

ही पद्धत रूढ केली ए. ई. डग्लस यांनी. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ, सूर्यडागांचा माग काढायला झाडांकडे वळले होते. ॲरिझोना परिसरातल्या प्राचीन वस्त्यांमधल्या तुळयांची एक मालिका त्यांनी आपापसात जुळवली होती, पण ती जिवंत झाडांच्या मालिकेला जोडता येत नव्हती. १९२९ मध्ये शो लो या गावी एक अर्धवट जळालेली तुळई सापडली आणि तिच्या वलयांनी दोन्ही टोकं सांधली. कितीतरी वस्त्यांना एका झटक्यात नेमकी वर्षं मिळाली. जुन्या इमारतीचं लाकूड, वठलेले ओंडके यांनी मालिका मागे नेतात ती अशीच.

हाताने जुळवल्यावरच मोजणी करा. सरकत्या बैठकीच्या यंत्रावर ०.०१ मिलिमीटरपर्यंत किंवा उत्तम स्कॅन करून संगणकावर. नंतर कोफेचा नावाचा प्रोग्राम प्रत्येक नमुन्याचे पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून संशयास्पद जागा दाखवतो. तो संशय दाखवतो, निकाल देत नाही. त्याने सुचवलं म्हणून लाकूड न बघता वलय घालणारे लोक मी पाहिले आहेत. आकडा सुधारतो, काम बिघडतं.

पुढचा टप्पा वयाचा परिणाम काढण्याचा. खोड रुंदावतं तसं तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरतं, म्हणून कोवळ्या वयात रुंद आणि पुढे अरुंद वलयं हा झाडाचा स्वभावच असतो. प्रत्येक मालिकेवर उतरती वक्ररेषा बसवतात आणि प्रत्यक्ष जाडीला अपेक्षित जाडीने भागतात. एकच्या वर चांगलं वर्ष, एकच्या खाली वाईट. वक्ररेषा फार लवचीक घेतली तर वयाबरोबर हवामानाचे लांब पल्ल्याचे चढउतारही धुऊन निघतात. मी शक्यतो ताठ रेषा घेते. आणि शंभर वर्षांच्या झाडांच्या तुकड्यांतून पाचशे वर्षांचा संथ बदल वाचायला जाऊ नका. तुकड्याच्या लांबीहून मोठी लाट त्यात टिकत नाही.

या भागाकाराला निर्देशांक म्हणतात, आणि सगळ्या झाडांच्या निर्देशांकांची वर्षागणिक सरासरी ही तुमची मुख्य मालिका. जुन्या टोकाकडे झाडं कमी होत जातात, तेव्हा ती कुठपर्यंत भरवशाची हे ठरवायला ई.पी.एस. (मोजक्या झाडांची सरासरी सगळ्या जंगलाच्या वतीने कितपत बोलते, ते सांगणारं) हे माप वापरतात, आणि ०.८५ च्या खाली घसरलं की सावध होतात.

शेवटी हवामानाशी गाठ. जवळच्या केंद्राच्या पावसाच्या, तापमानाच्या मासिक नोंदी घ्या आणि कोणत्या महिन्यांशी वलयं बोलतात ते पाहा. मागच्या वर्षाचे महिनेही धरा, झाड साठवणीवर जगतं. नोंदींचा अर्धा भाग वापरून समीकरण बांधा, उरलेल्या अर्ध्यावर ताळा करा, मग अदलाबदल करून पुन्हा. न पाहिलेल्या वर्षांचा अंदाज नुसती सरासरी सांगण्यापेक्षा सरस येत नसेल तर तिथेच थांबा. आणि सरस आला तरी समीकरण टोकाची वर्षं नेहमी मवाळ करून दाखवतं. उत्तरेकडच्या काही जंगलांत तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान चढलं तरी वलयं मागे राहिली. म्हणजे आजचं नातं कायम तसंच होतं हे गृहीतकच असतं, ते कागदावर लिहून ठेवा.

इतका खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी कोलोरॅडो नदी सांगते. १९२२ च्या करारात तिचं पाणी वरच्या आणि खालच्या खोऱ्यांत वर्षाला प्रत्येकी साडेसात दशलक्ष एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी) असं वाटलं गेलं. हाताशी नोंदी होत्या थोड्या वर्षांच्या. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी वलयांवरून नदीचा जुना प्रवाह काढला. दीर्घकालीन सरासरी वर्षाला साडेतेरा दशलक्ष एकर-फुटांच्या आसपास आली, आणि विसाव्या शतकाची सुरुवात गेल्या काही शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी निघाली. वाटलेलं पाणी नदीत मुळातच नव्हतं.

मोजमापं आंतरराष्ट्रीय वृक्षवलय भांडारात जमा करा, आणि नमुन्यांच्या पट्ट्या मुळीच टाकू नका. उद्या कोणी त्याच लाकडातले ऑक्सिजनचे समस्थानिक तपासेल. माझी पहिली पट्टी अजून खोक्यात आहे. सालीपासून साठेक वलयं आत, दोन वलयांच्या मधल्या रेषेवर, बाईंनी पेन्सिलीने काढलेलं बारीक शून्य आहे.