जुन्या अवकाश मोहिमांच्या चुंबकीय फिती वाचवताना

जुने तंत्रज्ञान परत उभे करायचे असेल, तर यंत्राला हात लावण्याआधी ते चालवणाऱ्या माणसाला गाठावे. सॅटर्न-५ अग्निबाणाच्या एफ-१ इंजिनाचे आराखडे नासाकडे शाबूत होते. तरी कारागिरांनी हातांनी जोडकाम करताना केलेले बारीक फेरफार त्यांत उतरले नव्हते. त्यामुळे जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर (इंधनाचे पंप फिरवणारा वायू तयार करणारा भाग) पुन्हा पेटवून पाहण्याआधी नासाच्या हंट्सव्हिल (अमेरिका) येथील केंद्राच्या तरुण अभियंत्यांना जुने इंजिन सुटे करून त्याच्या भागांचे त्रिमितीय स्कॅन घ्यावे लागले.

समजा, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या एखाद्या तंत्रज्ञांच्या माळ्यावर विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) मोजणाऱ्या फुगा-उड्डाणांच्या फिती सापडल्या, तर प्रथम त्यांनाच बोलते करावे: फितीचा वेग काय होता, ट्रॅक (फितीवरचे समांतर नोंदपट्टे) किती, वेळेची खूण कोणत्या ट्रॅकवर आणि आकडे कोणत्या एककात. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो त्याच दिवशी घ्यावेत.

मुंबईत खरा शत्रू दमट हवा. रीळ उजेडासमोर धरून पाहावे. थरांतून उजेड आरपार आला, तर फीत बहुधा ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची असते, आणि तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती कुजू लागली आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक पॉलिएस्टर फितींत चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप ओलावा शोषून चिकट होतो, आणि तशीच चालवल्यास नोंदीसकट खरवडून निघतो. अशी फीत साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर काही तास शेकवून तात्पुरती वाचण्याजोगी करतात. ॲसिटेटला मात्र हाच उपाय मारक ठरतो. घरच्या ओव्हनच्या तापमानाचा भरवसा नसल्याने हे काम जाणकार प्रयोगशाळेकडेच द्यावे, आणि शक्यतो पावसाळा टाळावा.

फीत वाचणाऱ्या यंत्रासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कपॅसिटर मिळतील, पण फितीवरचा संकेत टिपणारे हेड मिळेल याची आशा धरू नये. एकाच जातीची बंद यंत्रे जमवून त्यांतून एक चालते करावे. १९६६-६७ च्या लूनर ऑर्बिटर या नासाच्या चंद्रयानांची चंद्रचित्रे २००८ पासून अशीच परत मिळाली: नासाच्या अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी त्या फिती वाचणारी ॲम्पेक्स एफआर-९०० यंत्रे आपल्या गॅरेजमध्ये जपून ठेवली होती.

फीत चालेल तेव्हा अर्थ लावत बसू नये. कच्चा संकेतच पूर्ण नोंदवावा, कारण दुसरी फेरी मिळेलच असे नाही. प्रत झाल्यावरही मूळ फीत पुसू किंवा टाकू नये. अपोलो-११ च्या मूळ दूरमिती (यानाकडून आलेल्या संकेतांच्या नोंदी) फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असाच निष्कर्ष नासाला शोधाअंती काढावा लागला.