डेडलिफ्ट मारताना पाठीत उसण भरली? पुन्हा रॉडला हात लावेपर्यंत काय करावं

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून उभं राहताना, रॉड गुडघ्यापर्यंत येतो, कमरेत सणकन चमक निघते आणि मग धड वाकताही येत नाही, धड सरळही होता येत नाही. अशा वेळी बहुतेकदा कण्यालगतचे स्नायू किंवा अस्थिबंध ताणलेले असतात. दुखणं जीवघेणं वाटतं, पण बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत आराम पडतो. माझं कळकळीचं सांगणं आहे ते पुढच्या टप्प्याबद्दल. पहिल्या आठवड्यात आपण नको इतके घाबरतो आणि दुखणं थांबलं की नको इतके धीट होतो. दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. त्या मधल्या दिवसांत जपलंत तर पाठ नीट सावरते.

आधी हे तपासा

चमक निघाली की रॉड तिथेच सोडा. सेट पुरा करायचा हट्ट नको. मग स्वतःकडे नीट लक्ष द्या. लघवी अडते आहे किंवा नकळत होते आहे, शौचावर ताबा राहिलेला नाही, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, पायाचा पंजा वर उचलता येत नाही, यातलं एक जरी लक्षण असलं तरी सकाळची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. ठाण्यात कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा शिंकताना पायात वीज गेल्यासारखं होत असेल, तर नस दाबली गेल्याची शक्यता असते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

ही लक्षणं नसतील तर लगेच एमआरआयसाठी धावू नका. पाठ कधीच न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते. तो अहवाल हातात आला की माणूस उगाच खचतो.

पहिले दोन-तीन दिवस

अंथरुणाला खिळून राहू नका. पडून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात. दुखणं फार असेल तर पहिला दिवस, फार तर दुसरा, थोडं जास्त पडा, पण दर तासाला उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. झोपताना कुशीवर वळा आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उताणं झोपायचं असेल तर उशी गुडघ्यांखाली हवी. उठताना पोटावर जोर देऊन सरळ उठू नका. आधी कुशीवर व्हा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा.

आपल्या घरात पाठीला सगळ्यात जास्त छळते ती आंघोळीची बादली. ती स्टुलावर ठेवा, म्हणजे तांब्या भरताना वाकावं लागत नाही. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळचा पहिला तास पाठ ताठलेली असते. त्या तासात केर काढणं, बूट बांधणं, खालचं सामान उचलणं टाळा.

शेक गरम घ्यावा की थंड? ज्याने बरं वाटेल तो घ्या, १५ ते २० मिनिटं, कातडी आणि पिशवी यांच्यात फडकं ठेवून.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी नको. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. पावसाळ्यात आणखी एक काळजी. कंबरदुखीबरोबर ताप असेल तर तो डेंग्यूही असू शकतो, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आधी रक्त तपासा.

घरात उसण म्हटलं की कुणीतरी पायाळू माणूस शोधायला निघतंच. हलका पाय लावू द्या, घरच्यांचं मन राखलं जाईल. पण पाठीवर कुणाला उभं राहू देऊ नका आणि झटका देऊन मणका ‘बसवून’ घेऊ नका.

चालणं आणि प्रवास

सपाट जागी चालणं हे या काळातलं सगळ्यात चांगलं औषध आहे. १० मिनिटांपासून सुरू करा, दिवसातून दोन-तीन वेळा. ठाण्यातल्या कचराळी तलावाचा ट्रॅक त्यासाठी उत्तम. तलावपाळी सकाळी बरी, संध्याकाळी गर्दीत धक्के बसतात. येऊरचा चढ मात्र अजून नको.

दुचाकी काही दिवस बाजूला ठेवा. घोडबंदर रोडचे खड्डे आणि गतिरोधक दुखऱ्या कमरेला थेट लागतात. रिक्षावाल्याला सावकाश घ्यायला सांगायला संकोच करू नका. बसमध्ये मागची सीट टाळा, तिथे जास्त उडायला होतं. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उभे राहा. कमरेचा पट्टा प्रवासापुरता लावा, दिवसभर नको.

व्यायाम

चालताना कळ येईनाशी झाली की कॅनडाचे कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन व्यायाम सुरू करा. पहिल्यात उताणं झोपून एक गुडघा वाकवा, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली सरकवा आणि डोकं व खांदे जमिनीपासून जेमतेम उचला. दुसरा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपरावर अंग उचलून धरायचं, सुरुवातीला गुडघे टेकून. तिसऱ्यात हातापायांवर रांगत्या स्थितीत या, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणा, मग बाजू बदला. कंबर एका बाजूला कलली तर पाय कमी उंच न्या. प्रत्येक स्थिती ८ ते १० सेकंद धरा. एकाच बैठकीत आधी सहा वेळा, मग चार, मग दोन.

त्यानंतर कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिका. पुसण्याच्या मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल ठेवून ढुंगण मागे न्या. तीनपैकी एका जागी दांडा सुटला की पाठ वाकली. आरशाकडे बाजू करून उभे राहून पाहिलंत तर चूक नेमकी कुठे होते ते दिसतं.

पुन्हा जिममध्ये

अर्धा तास न दुखता चालता येतं, मोजे घालताना कळ येत नाही, सकाळचा ताठरपणा गेला आहे, हे तिन्ही जमेपर्यंत वजन नको. मग मोकळ्या रॉडने सुरुवात करा, तोही जमिनीवरून न उचलता ठोकळ्यांवर गुडघ्याच्या उंचीला ठेवून. रॉड पायांना घासत वर आला पाहिजे. तो जितका पुढे जातो तितका भार कमरेवर पडतो. हळूहळू वाढवत आधीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत या आणि तिथे काही आठवडे थांबा. ट्रेनर प्लेट वाढवायला सांगेल, शेजारचा हिणवेल. त्यांचं ऐकू नका.

प्रत्येक दिवसाचा हिशोब दुसऱ्या सकाळी करा. दहापैकी तीनपर्यंत ठणका आला आणि सकाळी उतरला, तर तेच वजन चालू ठेवा. सकाळीही राहिला तर पुढच्या वेळी वजन कमी करा. सहा आठवडे होऊनही रोजचं काम करताना दुखत असेल, तर जिम थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना डेडलिफ्टचा बाजूने घेतलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल तर त्यांना दाखवा.