सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीचा बेसबॉल सीझन घरबसल्या कसा बघायचा (जायंट्स, १९५१)

आधीच सांगतो, व्हिडिओ शोधत बसू नका. १९५१ च्या सीझनच्या मॅचेस आपण आयपीएलच्या बघतो तशा पूर्ण मिळणार नाहीत, तुकडे मिळतात आणि तेही फिरून फिरून तेच. असला जुना सीझन वहीत बघायचा असतो. रोज थोडा थोडा, आणि शेवट माहीत नाही असं नाटक करत. मी पहिल्यांदा उलटं केलं, आधी शेवटची मॅच वाचली आणि मग एप्रिलपासून सुरुवात केली, सगळी मजा गेली.

सुरुवातीला न्यूयॉर्क जायंट्सचा १९५१ च घ्या. कारण त्यात सगळंच आहे, रडकी सुरुवात, नवा पोरगा, अशक्य वाटणारा पाठलाग आणि वर एक चीटिंगचं प्रकरण पण.

साहित्य काय लागतं, तर एक चौकटीची वही (शाळेतली गणिताची चालते), पेन्सिल, खोडरबर, आणि रेट्रोशीट किंवा बेसबॉल-रेफरन्स यापैकी कुठलीही साइट, दोन्हीकडे त्या वर्षीच्या एकेका मॅचचा निकाल तारखेनुसार आहे. पानावर सहा रकाने आखा: तारीख, घरी की बाहेर, समोर कोण, स्कोअर, एकूण जिंकले-हरले, आणि शेवटचा रकाना 'किती मागे'. तो शेवटचा रकानाच महत्त्वाचा, बाकीचे त्याच्यासाठी.

तेव्हाची लीग समजायला सोपी होती. नॅशनल लीगमध्ये आठच टीम, प्रत्येकीशी २२ मॅच, म्हणजे ७ गुणिले २२, १५४. प्लेऑफ वगैरे काही नाही, जो पहिला आला तो पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकला आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये अमेरिकन लीगच्या (दुसरी मोठी लीग) पहिल्याशी. दुसऱ्या नंबरला काही म्हणजे काहीच नाही.

आता 'किती मागे' कसं काढायचं, कारण आपल्याला पॉइंट टेबल आणि नेट रनरेटची सवय. इथे पॉइंट नसतात. पहिल्या टीमचे विजय वजा आपले विजय, अधिक आपले पराभव वजा त्यांचे पराभव, आणि येईल त्याचे निम्मे. निम्मे करायला विसरू नका, मी चार दिवस विसरलो होतो आणि म्हटलं ही टीम आता गेली. ११ ऑगस्टचं करून बघा. त्या दिवशी ब्रुकलिन डॉजर्सच्या एकाच दिवसात दोन मॅच होत्या, पहिली झाली तेव्हा ते ७०-३५ आणि जायंट्स ५९-५१. विजयांचा फरक ११, पराभवांचा १६, मिळून २७, निम्मे साडेतेरा. मग डॉजर्स दुसरी मॅच हरले आणि आकडा १३ वर आला. ४४ मॅच उरलेल्या आणि १३ मागे. आपल्याकडे अशा टीमबद्दल लोक 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात.

पण एप्रिलपासून यायचं म्हणजे यायचं, उडी मारायची नाही. सुरुवातीलाच लागोपाठ ११ पराभव आहेत, २-१२ लिहाल तेव्हा कंटाळा येईल, तरी लिहा. आणि प्रत्येक महिन्यात एक प्लेअर धरून त्याची वेगळी ओळ ठेवा. मे महिन्यात विली मेज. २० वर्षांचा पोरगा, खालच्या लीगमध्ये मिनियापोलिसकडून .४७७ ने मारत होता म्हणून २५ मे ला वर बोलावला. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे दर बॅटिंगमागे हिट (बॉल मारून निदान पहिला बेस गाठणं, चारही बेस फिरून घरी आलं की एक रन) किती, .३०० म्हणजे दहात तीन, आणि एवढ्यावर माणूस भारी समजला जातो, वॉक (चार बॉल चुकीचे पडले की फुकट पहिला बेस) मिळाला तर ती बॅटिंग मोजतच नाहीत. तर मेजच्या पहिल्या बारा बॅटिंगमध्ये शून्य. मग घरच्या मैदानावर वॉरन स्पानसारख्या दादा पिचरला (पिचर म्हणजे आपला बॉलर) होम रन (आपल्या सिक्ससारखा), आणि परत सगळं थंड, २६ मध्ये १. आपल्याकडे असता तर तिसऱ्या मॅचनंतर पाणी द्यायला पाठवला असता. मॅनेजर लिओ ड्युरोशर मात्र खेळवतच राहिला आणि वर्षाअखेर पोराच्या नावावर २० होम रन, .२७४, आणि रुकी ऑफ द इयर (वर्षातला सगळ्यात चांगला नवा प्लेअर). ही ओळ रोज पेन्सिलीने भरली तरच कळतं की तो आकडा किती खालून वर आलाय.

दुसरी ओळ मॉन्टी अर्विनची ठेवा. काळ्या प्लेअरना १९४७ पर्यंत या लीगमध्ये घेतच नव्हते, जॅकी रॉबिन्सनने दार उघडलं, अर्विन १९४९ मध्ये आला तेव्हा तिशीत होता, उमेदीची वर्षं निग्रो लीगमध्ये गेलेली. त्या माणसाने १९५१ मध्ये .३१२ आणि १२१ आरबीआय केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. आरबीआय म्हणजे याच्या बॅटिंगवर जेवढे रन घरी आले तेवढे.

पिचरचं थोडक्यात (जिंकले-हरले): सॅल मॅगली २३-६, लॅरी जॅन्सन २३-११. एवढं पुरे.

१२ ऑगस्टपासून मात्र हात आवरता घ्या, रोज एकच ओळ लिहा, दोन नाही. लागोपाठ १६ विजय येतात आणि शेवटचा रकाना हळूहळू लहान होत जातो. शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकले. ३० सप्टेंबरला जायंट्स बॉस्टनमध्ये ३-२ ने जिंकून मोकळे झाले, आणि तिकडे डॉजर्स फिलाडेल्फियात (नेहमीच्या ९ ऐवजी) १४ इनिंग खेळत बसलेले, तिथे रॉबिन्सनने होम रन मारून ९-८ ने वाचवलं. दोघंही ९६-५८. रकान्यात शून्य.

बरोबरी झाल्यामुळे तीन मॅचची छोटी सिरीज. पहिली ३-१ जायंट्स, दुसरी १०-० डॉजर्स, आणि ३ ऑक्टोबरची तिसरी. ही मॅच पूर्ण स्कोअरशीटवर उतरवा. प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. प्रत्येक चौकटीत छोटा हिरा काढायचा, माणूस जेवढे बेस गेला तेवढ्या बाजू गडद. नवव्या इनिंगचा खालचा अर्धा भाग (म्हणजे जायंट्सची शेवटची बॅटिंग), डॉजर्स ४-१ ने पुढे. डार्कचा सिंगल, एक बाजू. म्युलरचा सिंगल ९ कडे, डार्क तिसऱ्या बेसवर, त्याच्या आता तीन बाजू. अर्विनचा उडालेला बॉल फर्स्ट बेसवाल्याने घेतला, लिहा ३, गोल करून १ आउट. लॉकमनचा डबल (दोन बेसचा हिट) ७ कडे, डार्क घरी, हिरा पूर्ण, ४-२. म्युलरचा पाय तिसऱ्या बेसवर मुरगळला, त्याच्या जागी हार्टुंग पळायला. डॉजर्सचा पिचर बदलला, न्यूकम गेला आणि ब्रँका आला, तिथे आडवी रेघ. मग बॉबी थॉमसन, पहिला बॉल स्ट्राइक, दुसरा डावीकडच्या प्रेक्षकांत. तीन हिरे एकदम गडद करायचे. ५-४. पुढचा बॅटर मेज होता, त्याची चौकट कोरी राहते, माझ्या वहीत मला तीच सगळ्यात आवडते.

आता चीटिंग. अनेक वर्षं कुजबूज होती, २००१ मध्ये पेपरात सविस्तर आलं: जायंट्सच्या पोलो ग्राउंड्समध्ये सेंटरफील्डच्या मागे क्लबहाउस होतं, तिथून टेलिस्कोपने समोरच्या कॅचरच्या खुणा (पिचरने कुठला बॉल टाकायचा त्या) बघायच्या, वायर टाकून बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात ती जागा) बझर वाजवायचा आणि तिथून बॅटरला इशारा. थॉमसन म्हणत राहिला की त्या बॉलला मी इशारा घेतला नव्हता. तुम्ही कोणाचं ऐकून मत बनवू नका, वहीतला दुसरा रकाना आठवतोय ना, घरी की बाहेर, तो याचसाठी होता. जुलै अखेरपासूनचे (टेलिस्कोप त्या सुमारास आला) विजय दोन रंगांनी वेगळे करा आणि स्वतः मोजा. आणि हे पण बघा की तीनमधली पहिली मॅच ब्रुकलिनला होती, जिथे जायंट्सचा टेलिस्कोप नव्हता, तिथेही थॉमसनने ब्रँकालाच होम रन मारलाय, आणि दुसरी, १०-० ने हरलेली, ती टेलिस्कोपच्याच मैदानावर. माझं मत विचाराल तर चोरी ती चोरीच, पण नुसत्या चोरीने ३७ मॅच जिंकता येत नाहीत.

वर्ल्ड सिरीज लगेच ४ ऑक्टोबरपासून, यांकीजशी, त्यासाठी सहा ओळी ठेवा. अर्विन पहिल्याच मॅचमध्ये चार हिट मारतो आणि वर होम प्लेट चोरतो (म्हणजे कोणी बॉल न मारता पळून घरी पोचतो), पण सिरीज यांकीज ४-२ ने घेतात. इथे 'किती मागे' रकाना रिकामा सोडा.