अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी: अमेरिकेतील गौरेतर क्वीअर गटांसाठी तयारीची यादी

अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई क्वीअर (समलिंगी, पारलिंगी आदी) व्यक्तींचे अनेक छोटे गट शस्त्रक्रियेनंतर डबा पोहोचवतात, घरातून काढलेल्या मुलांना आसरा देतात, दवाखान्यात दुभाषी म्हणून सोबत जातात, आणि हे सारे बहुधा पदरमोड करून. १९७० साली क्वीअर चळवळीतील कार्यकर्त्या मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांनी न्यू यॉर्कमध्ये बेघर पारलिंगी मुलांसाठी ‘स्टार हाउस’ सुरू केले, तेव्हा त्याच्या भाड्याचे पैसेही त्यांनाच रस्त्यावर कमवावे लागत. आज अशा कामाला अनुदान मिळू शकते. त्यासाठी पुढील गोष्टी अर्जाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी उरकलेल्या असाव्यात.

प्रथम गटाचे कायदेशीर रूप ठरवावे. ‘ट्रान्स जस्टिस फंडिंग प्रोजेक्ट’ हा निधी वार्षिक अंदाजपत्रक २,५०,००० डॉलरपेक्षा कमी असलेल्या पारलिंगी नेतृत्वाच्या गटांना नोंदणीशिवायही अनुदान देतो. बहुतेक फाउंडेशनांना मात्र ५०१(सी)(३) दर्जाची, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्था किंवा तसा दर्जा असलेला फिस्कल स्पॉन्सर, म्हणजे आपल्या वतीने अनुदान स्वीकारणारी संस्था, लागते. स्पॉन्सर साधारणतः अनुदानाच्या ५ ते १० टक्के रक्कम शुल्क म्हणून ठेवतो. त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे हे की, पैसे किती दिवसांत हाती पडतील आणि उद्या वेगळे झाल्यास शिल्लक कोणाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. स्वतःची नोंदणी करायची असेल आणि पुढील प्रत्येक वर्षाचे अपेक्षित उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत असेल, तर करखात्याचा १०२३-ईझेड हा छोटा अर्ज सहसा पुरतो. त्यानंतर दरवर्षीचे विवरणपत्र चुकवू नये, कारण सलग तीन वर्षे ते न भरल्यास करमुक्तीचा दर्जा आपोआप रद्द होतो.

नावांचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. लहान संस्थांच्या ९९०-एन विवरणपत्रातही एका प्रमुख पदाधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि ती माहिती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. ज्यांनी भारतातील घरी अजून काही सांगितलेले नाही, किंवा ज्यांचा अमेरिकेत आश्रय (असायलम) मिळण्याचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांना हे सही करण्यापूर्वी नीट समजावून सांगावे आणि नकार देण्याची मोकळीक द्यावी. ज्यांना मदत मिळते त्यांची नावे, छायाचित्रे आणि अनुभव अहवालात घालण्यासाठी लेखी संमती घ्यावी. ती संमती मदतीची अट होता कामा नये.

अंदाजपत्रकाला वेळ द्यावा, कारण आपले गट इथेच स्वतःवर अन्याय करतात. किराणा, प्रवास, औषधे यांचे आकडे बिनचूक असतात, पण रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या, रुग्णासोबत बसणाऱ्या माणसाचे तास मात्र शून्य धरले जातात. त्या तासांना दर लावावा, आणि काळजी घेणाऱ्यांच्या विश्रांतीसाठी व समुपदेशनासाठी स्वतंत्र रक्कम मागावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरील सहकाऱ्यांना मानधन देण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण परवानगीविना घेतलेल्या मोबदल्यामुळे त्यांचा व्हिसाच धोक्यात येऊ शकतो.

रोख मदतीचाही आधी विचार हवा. एसएसआय हा अल्प उत्पन्नाच्या वृद्ध व अपंग व्यक्तींसाठीचा शासकीय भत्ता घेणाऱ्या एकट्या व्यक्तीची मोजली जाणारी शिल्लक २,००० डॉलरपेक्षा वाढली तर भत्ता थांबू शकतो, आणि हाती आलेली रोख उत्पन्नात धरली जाऊ शकते. ३० सप्टेंबर २०२४ पासून फुकट मिळालेले अन्न त्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून अशा व्यक्तींना रोखीऐवजी शिधा पोहोचवणे कित्येकदा हिताचे ठरते.

अर्जाची भाषा वकिलाला दाखवावी. अटलांटातील ‘फिअरलेस फंड’ या गुंतवणूक संस्थेची फक्त कृष्णवर्णीय महिलांच्या व्यवसायांसाठी असलेली अनुदान योजना जून २०२४ मध्ये वंशाच्या अटीवरून अपील न्यायालयाने रोखली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. तेव्हापासून वंशाची अट घालताना देणगीदार बिचकतात. आपण कोण आहोत हे लपवू नये, परंतु गट स्वतः पुढे निधी वाटणार असेल तर पात्रतेच्या अटी गरजेवर आधारलेल्या असाव्यात. संघीय (फेडरल) सरकारच्या पैशाबाबत अधिकच जपून राहावे. जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशांनी लिंगओळख आणि समता या विषयांवरील अनुदाने धोक्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने काही एलजीबीटीक्यू संस्थांना तात्पुरता दिलासा दिला, पण तो त्या वादी संस्थांपुरताच होता. त्यामुळे कोणाचाही पगार केवळ अशा निधीवर अवलंबून ठेवू नये.

शेवटी, अर्ज पाठवण्यापूर्वी गटाची एक बैठक केवळ दोन निर्णयांसाठी घ्यावी: तातडीची मदत कोणाला द्यायची हे कोणते तिघे-चौघे ठरवतील, आणि देणगीदाराने मदत घेणाऱ्यांची यादी मागितली तर अनुदान परत करण्याची आपली तयारी आहे का. दोन्ही निर्णय लिहून त्यांवर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि ज्यांना नाव उघड करायचे नाही त्यांनी निवडलेल्या नावाने सही करावी.