गोव्यातल्या गावच्या चर्चचे फोटो काढताना या चुका टाळा

साळगावचं चर्च 1873चं, गॉथिक धाटणीचं, पांढरंशुभ्र. भर दुपारी मी त्याचे चाळीसेक फोटो काढले आणि रात्री मुक्कामी बघतो तर भिंत मळक्या चादरीसारखी! कॅमेरा बिघडलेला नव्हता. चौकटीत पांढरं जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. गोव्यात हे हमखास होतं, कारण चिऱ्याच्या भिंती पावसात टिकाव्यात म्हणून त्यांना गिलावा आणि वर चुना असतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो कमी-जास्त उजळ करायची सेटिंग) +0.7 ते +1 ठेवा. फोनवर भिंतीवर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की ते जरा वर सरकवा. चुन्याचे पोपडे दिसेनासे झाले, तर जास्त झालं म्हणून समजा.

तळावलीच्या सांताना चर्चचे (1695) मनोरे पाच मजली. पायथ्याशी उभं राहून फोन वर केला की ते मागे कलंडतात, फोनच्या 0.5च्या वाइड लेन्सने तर फारच. लांब जा, फोन ताठ धरा, खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

बरीच चर्च दिवसभर बंद असतात. सकाळची मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, संपता संपता पोचा. दार उघडं मिळतं, ऊनही कोवळं असतं. मीस चालू असताना मात्र नको. एका गावात माझा फ्लॅश ऑटोवर राहिला होता. लख्खकन उजेड पडला. पुढच्या बाकावरची आजी वळून हळूच म्हणाली, “पुता, मीस चालू आसा.” ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आता दारातच फ्लॅश बंद करतो आणि फादरना विचारूनच आत फोटो काढतो. तसाही सोनेरी वर्खाच्या आल्तारावर (वेदीवर) फ्लॅशचा नुसता पांढरा डाग पडतो, कोरीवकाम सपाट होतं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600 ठेवून कोपरं बाकाच्या पाठीवर टेकवा.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. भिंतींवर तेव्हा शेवाळाचे काळे ओघळ असतात. मला ते आवडतात. कोरं पांढरं हवं असेल तर पावसाळा सरून चुना लागल्यावर या. पण ऐन फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या उत्सवाचा, दिवस टाळा. 6 जानेवारीला रेईश मागूशच्या चर्चला गेलात तर तीन राजांचं फेस्त मिळेल, मोकळा दर्शनी भाग मिळणार नाही.