थंडी पडायच्या आत माशांचं रक्त मजबूत करा

दिवाळी जवळ आली की शेततळ्यातल्या रोहू, कटला, मृगळची काळजी आत्ताच घ्या मंडळी. मासा थंड रक्ताचा, पाणी 20 डिग्रीच्या आसपास उतरलं की त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि नेमका तेव्हाच अंगावर लाल चट्टे पडून जखमा होणारा ईयूएस रोग उचल खातो. बरेच जण जखमा दिसल्यावर इम्युनिटीची पावडर आणायला पळतात, पण आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही मग ती पोटात जाणार कशी? म्हणून थंडीच्या 3-4 आठवडे आधीच सुरू करायचं.

किलोभर खाद्याला 5 ते 10 ग्रॅम लसणाची पेस्ट, नाहीतर यीस्टचं बीटा ग्लुकन (यीस्टच्या पेशीच्या आवरणातला, प्रतिकारशक्ती जागी करणारा पदार्थ) 1-2 ग्रॅम, सोबत व्हिटॅमिन सी अर्धा ग्रॅम (मासा ते स्वतः बनवू शकत नाही). भाताच्या पेजेत कालवून पेलेटला (खाद्याच्या गोळ्यांना) चोळा आणि सावलीत सुकवा, उन्हात व्हिटॅमिन सी उडून जातं.

याने होतं काय, तर माशाच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात रक्तपेशी तयार होतात, तिथलं काम वाढतं, पांढऱ्या पेशी वाढतात आणि जंतू गिळायला जास्त चपळ होतात, बऱ्याचदा हिमोग्लोबिनही सुधारतं. पण वर्षभर चारत राहू नका हो, सतत दिलं की असर कमी होतो आणि पैसे वाया. महिनाभर द्या, मग थांबा.

रक्त तपासायचं असेल तर माणसांच्या लॅबमधल्या मशीनवर भरवसा नको. माशाच्या लाल पेशीत केंद्रक असतं, मशीन त्यांनाच पांढऱ्या समजून मोजतं आणि आकडा भलताच येतो. मायक्रोस्कोपखाली हाताने मोजणारा माणूस शोधा. ते जमलं नाही तर जाळं टाकाल तेव्हा 8-10 माशांचे कल्ले उघडून बघा. गडद लाल असतील तर ठीक, फिकट गुलाबी असतील तर रक्त कमी झालंय, अंगावर अरगुलस म्हणजे माशाची ऊ चिकटलीय का ते आधी बघा. आणि चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट (उरलेल्या खाद्य-विष्ठेतून तयार होणारं विष) वाढलंय, तिथे लसूण-ग्लुकन काहीच करणार नाही, खाद्य बंद करा, थोडं पाणी बदला, मीठ टाका.

थंडीत खाद्य सकाळी सकाळी नको, 11 नंतर पाणी जरा तापलं की द्या, आणि खाद्याच्या ट्रेमध्ये उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा.